उजेडाची हरकत

चिमट्यात धरलेला दात कवळीवाल्यांनी खिडकीपाशी नेला, त्याच्या शेजारी छटांची पट्टी धरली आणि मान किंचित तिरकी केली. पट्टीवर सोळा नमुने होते, दुधाळ पांढऱ्यापासून चहाच्या डागासारख्या पिवळ्यापर्यंत. सहाव्यात आणि सातव्यात फरक केसाएवढा. दिव्याखाली तो कळत नाही. त्याला आभाळाचा उजेड लागतो, आणि तोही थेट उन्हाचा नाही, उत्तरेकडचा, निवलेला. दात सातव्याशी जुळला. त्यांनी तो मेणाच्या हिरडीत बसवला, अंगठ्याने दाबला, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की दारात कोणीतरी उभं आहे.

"येऊ का?" मोठ्या बाईंनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता त्या आत आल्या.

मोठ्या बाई भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजारच्या घरात राहत. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त होऊन त्यांना अकरा वर्षं झाली होती, पण शाळेतलं नाव गल्लीत तसंच चालू राहिलं होतं आणि बाईंचा आवाजही. काखेत फाइल होती. कवळीवाल्यांनी स्टुलावरचे प्लास्टरचे साचे उचलून खाली ठेवले. बाई बसल्या आणि आल्या आल्या मुद्द्यावर आल्या.

मुद्दा गल्लीत सगळ्यांनाच माहीत होता. बावीस बैठ्या घरांच्या रांगेमागे एक शीतगृह होतं, कैक वर्षं बंद पडलेलं. ते मागच्या महिन्यात पाडलं आणि तिथे आता चौदा मजल्यांची इमारत उभी राहणार असल्याची नोटीस भिंतीवर लागली. हरकती आणि सूचना ऐकायला पुढच्या गुरुवारी सुनावणी होती. सगळ्यांनी एकदम बोलून गलका करण्यापेक्षा एकानेच मुद्देसूद बोलावं, असं बाईंनी ठरवलं होतं. ड्रायव्हरकाका तयार होते. त्यांनी तीस वर्षं बस चालवली होती आणि कुणालाही ते घाबरत नसत. पण बाईंच्या मते माणूस भला असला तरी त्याच्या तोंडाला पहिला गिअरच नव्हता, सुरुवातच चौथ्यात.

"तुमची हरकत सगळ्यांत भक्कम आहे, भाऊ," बाई म्हणाल्या. "तुमचं पोट या खिडकीवर आहे. बाकीच्यांचं काय, कुणाला गाडी लावायची अडचण, कुणाला पाण्याची. ते ऐकून साहेब लोक जांभया देतात."

कवळीवाल्यांनी खिडकीकडे पाहिलं. बाहेर मागचं अंगण, त्यात नळ, कपडे वाळत घालायच्या तीन तारा, आणि पलीकडे पाडलेल्या शीतगृहाच्या जागी उघडं आभाळ.

"बरं," ते म्हणाले.

बाई समजूत घालायची तयारी करून आल्या होत्या. फाइलची दोरी त्यांनी सोडली आणि पुन्हा बांधली.

"वहिनी असत्या तर..." म्हणून त्या उठल्या, आणि ते वाक्य तिथेच स्टुलावर ठेवल्यासारखं करून निघून गेल्या.

वहिनी असत्या तर हे काम कवळीवाल्यांकडे आलंच नसतं. गल्लीशी संबंध ठेवायचं खातं बायकोचं होतं. कुणाच्या घरी आजारपण आहे, कुणाची सून रुसून गेली आहे, कुणाची मांजर कुठल्या माळ्यावर व्याली आहे, हे सगळं तिला ठाऊक असे आणि जेवताना ती त्यांना सांगत असे. ते ऐकत, निदान ऐकल्यासारखं करत. ते दिवसभर मागच्या खोलीत अनोळखी माणसांचे दात लावत बसायचे. त्यांनी ज्यांची तोंडं हसरी केली त्यांतले बहुतेक लोक त्यांनी कधी पाहिलेही नव्हते; डॉक्टरांकडून खोक्यातून जबड्याचे ठसे येत आणि खोक्यातूनच कवळ्या परत जात.

ती जाऊन सात महिने झाले होते. लोक म्हणत, त्यांनी फार धीराने घेतलं. धीराचा काही संबंध नव्हता. दाढ काढायच्या आधी इंजेक्शन देतात, मग गाल जागेवर असतो पण आपला वाटत नाही, तसं काहीसं झालं होतं आणि ते उतरलंच नव्हतं. ते वेळेवर उठत. वेळेवर जेवत. रविवारी लेकीचा फोन आला की तब्येत बरी आहे म्हणून सांगत, आणि तब्येत खरंच बरी होती. कामात एक चूक झाली नव्हती. उलट एका डॉक्टरांनी निरोप पाठवला होता की हल्ली तुमचं काम पूर्वीपेक्षाही नेटकं येतं.

बाईंनी निवेदन लिहिलं आणि चार संध्याकाळी आपल्या घरी त्यांच्याकडून वाचून घेतलं. गल्लीतली पाच-सहा माणसं ऐकायला बसत. ज्याला त्याला आपला मुद्दा आत घालायचा होता. कोणी म्हणे, चौदा मजल्यांचं सांडपाणी आपल्याच गटारात येणार. कोणी म्हणे, वरून कचरा टाकतील, आणि उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना खाली कोण राहतं ते दिसतही नसतं. ड्रायव्हरकाकांना कवळीवाल्यांचा विशेष अभिमान होता. त्यांनी आपली वरची कवळी सगळ्यांसमोर काढून दाखवली आणि बोळक्या तोंडाने काहीतरी बोलले. ती परत बसवल्यावर कळलं की ते म्हणत होते, हे दात साहेबांना दाखवा, हे त्या खिडकीतल्या उजेडात झालेत. सगळे हसले. कवळीवाल्यांनीही ओठ ताणले.

बाई त्यांना इयत्ता चौथीतल्या मुलासारखं वाचायला लावत. स्वल्पविरामाला थांबा. खाली बघून वाचू नका. 'उपजीविका' शब्द नीट म्हणा, तो कणा आहे. ते सांगितलं तसं म्हणत. कागदावर त्यांच्याविषयी बरंच काही होतं, पस्तीस वर्षांचा व्यवसाय, उतरतं वय, एकटेपण. दुसऱ्याच कुणाचे दात जुळवावेत तसं ते शब्दाला शब्द लावत गेले.

गुरुवारी दुपारी कार्यालयाच्या पायऱ्यांवर बाईंनी त्यांच्या हातात पक्की प्रत दिली. तिसऱ्या पानावर एक परिच्छेद वाढला होता. रात्री सगळ्यांच्या आग्रहाखातर घातला, म्हणाल्या. खासगीपणाचा मुद्दा राहूनच गेला होता. नजर टाकायला वेळ नव्हता. आत नाव पुकारलं होतं.

सुनावणीची खोली लांबट होती. भिंतीला लागून फायलींची कपाटं, मध्ये टेबल, टेबलामागे सुनावणी घेणारे अधिकारी आणि त्यांच्या बाजूला नोंद घेणारी टंकलेखिका. डाव्या हाताला बांधकाम करणाऱ्यांचे वास्तुविशारद बसले होते, तरणे, स्वच्छ शर्टाचे, समोर इमारतीचा पुठ्ठ्याचा नमुना. नमुन्यात बावीस घरंही होती, काडेपेटीएवढी. कवळीवाल्यांनी आपलं घर शोधलं. मागच्या अंगणात कोणीतरी हौसेने स्पंजाचं एक हिरवं झाड लावलं होतं. तिथे झाड नव्हतं.

ते वाचू लागले. पहिलं पान उजेडाचं, दुसरं पाणी, गटार आणि रस्त्याचं. अधिकारी खरोखर ऐकत होते. मध्ये एकदा त्यांनी थांबवून छटांची पट्टी म्हणजे काय ते विचारून घेतलं. तिसरं पान आलं.

"आमच्या घरांच्या मागच्या अंगणांत," कवळीवाल्यांनी वाचलं, "आजवर कोणाचीही नजर पोहोचलेली नाही."

पुढे स्वल्पविराम नव्हता, पूर्णविराम होता. ते थांबले. मागे कोणीतरी खोकलं. बाईंना वाटलं ओळ चुकली असेल, म्हणून त्यांनी हळूच पुढचा शब्द सांगितला. कवळीवाल्यांनी पुढचा शब्द घेतला नाही. त्यांनी तेच वाक्य पहिल्यापासून पुन्हा वाचलं, थोडं सावकाश, छपाईत काही राहून गेलंय का ते पाहावं तसं.

"वाचा पुढे," अधिकारी म्हणाले. "ऐकतोय मी."

त्यांनी पुढचं वाचलं. स्त्रियांचा मोकळा वावर, पिढ्यान्‌पिढ्यांची सवय, शेकडो खिडक्या. निवेदन संपलं. ते खाली बसले. बाईंनी मागून त्यांच्या खांद्यावर दोन बोटं टेकवली, म्हणजे छान झालं.

वास्तुविशारद उठले. भांडायच्या तयारीने आलेल्या लोकांना त्यांनी भांडायला जागाच ठेवली नाही. हरकत रास्त आहे, म्हणाले. इमारत मूळ जागेपासून चार मीटर मागे घेता येईल. आणि घरांच्या बाजूची भिंत आम्ही पूर्ण कोरी ठेवू, तिला पांढरा रंग देऊ. पांढऱ्या भिंतीवरून परतणारा उजेड यांच्या कामाला उलट सोयीचाच होईल, दिवसभर एकसारखा. त्या बाजूला एकही खिडकी नसल्यामुळे नजरेचा प्रश्नही सुटतो. त्यांनी नमुन्याची एक बाजू सहज काढली आणि तिथे पांढरा पुठ्ठा लावला. तो त्यांनी तयार करूनच आणला होता.

गल्लीतल्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांच्या सगळ्या हरकती ज्या खुंटीला टांगल्या होत्या ती खुंटीच कोणीतरी गोड बोलून काढून घेतली होती.

"तुम्हाला हे मान्य आहे का?" अधिकाऱ्यांनी कवळीवाल्यांना विचारलं.

"मजले म्हणा," बाई मागून कुजबुजल्या. "मजले कमी करा म्हणा."

कवळीवाले उठले. हातातली पानं त्यांनी खुर्चीवर ठेवली.

"माझी उजेडाची हरकत आहे," ते म्हणाले. "नजरेची नाही."

"म्हणजे?"

"खिडक्या असू द्या त्या बाजूला."

अधिकाऱ्यांनी तिसरं पान पुढे ओढलं आणि चष्मा वर केला. "तुमच्याच निवेदनात तर..."

"लिहिलंय ते खरं आहे. तिथे कोणाची नजर पोहोचत नाही." कवळीवाले नमुन्यातल्या स्पंजाच्या झाडाकडे पाहत होते. डॉक्टरांना जबड्याची मापं सांगताना लागतो तसाच त्यांचा आवाज होता. "माझी बायको त्या अंगणात पडली. मी आतल्या खोलीत होतो, आठ-दहा फुटांवर. घासायची मोटर चालू होती आणि माझी पाठ खिडकीकडे होती. दहा चाळीसला मोटर सुरू केली, अकरा वीसला बंद केली. मग पाहिलं. चाळीस मिनिटं. बावीस घरांत कोणाला दिसली नाही. मलाही."

टंकलेखिकेची बोटं थांबली होती. तिने अधिकाऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग ते म्हणाले, "खिडक्यांचं नोंदवा."

परतताना ड्रायव्हरकाका त्यांच्याबरोबर चालले आणि गल्लीच्या तोंडापर्यंत एक शब्द बोलले नाहीत, जे त्यांच्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदा घडत होतं. बाकीचे पुढे निघून गेले होते. कोणी दोष दिला नाही, पण त्या आठवड्यापासून दोन-तीन घरांची दारं कवळीवाले समोरून जाताना लोटली जाऊ लागली. हात दाखवून अवलक्षण, असं कोणीतरी बाईंच्या ओट्यावर म्हटल्याचं त्यांच्या कानावर आलं. ते त्यांना लागलं नाही. बाई मात्र यायच्या बंद झाल्या.

एक गोष्ट त्यांना करावी लागली. आजवर त्यांनी सगळ्यांना, लेकीलाही, ती क्षणात गेली असंच सांगितलं होतं. ते खरं असेलही; डॉक्टर म्हणाले होते, नक्की सांगता येत नाही. पण आता भर खोलीत पंधरा-वीस माणसांनी दुसरं ऐकलं होतं, आणि गल्लीतून ते लेकीच्या कानावर जाण्याआधी आपण सांगावं म्हणून त्यांनी रविवारची वाट न बघता तिला फोन केला. मोटरीचं, पाठीचं, चाळीस मिनिटांचं, सगळं सांगितलं. तिने विचारलं, जेवलास का बाबा. ते म्हणाले, हो. तिने फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत केला, आणि तिसऱ्या दिवशीही. ती काही खास बोलत नसे. पोरांच्या शाळेचं, घरी गळणाऱ्या नळाचं. तिची आई बोलायची तसंच, हे चौथ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं.

पाच आठवड्यांनी आदेश निघाला. मजले अकरा, इमारत चार मीटर मागे, घरांच्या बाजूला खिडक्या राहतील. गल्ली जिंकली की हरली हे कोणालाच धड सांगता येईना. ज्यांना सांगता येत होतं ते दोन्ही बाजूंनी सांगत होते.

आदेशाची प्रत घेऊन मोठ्या बाई सकाळी आल्या. या वेळी त्या दारातच उभ्या राहिल्या. कवळीवाले मेणाचा पातळ थर सुरीने तासत होते. त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. बाई बसल्या नाहीत. उभ्यानेच त्यांनी आदेशातली कलमं वाचून दाखवली, एक ते सहा, स्वल्पविरामाला थांबत. मग कागदाची घडी घातली आणि ती नखाने दाबत राहिल्या.

"ते वाक्य मी लिहिलं होतं," त्या म्हणाल्या. "नजरेचं. रात्री बाकीच्यांनी मुद्दा काढला, पण शब्द माझे."

"वाक्य चांगलं होतं," कवळीवाले म्हणाले.

"भाऊ, वहिनी गेल्या त्या दिवशी मला आवाज आला होता."

सुरी थांबली.

"बादली पडल्याचा. भिंतीपलीकडून. मी म्हटलं, वहिनींच्या हातून बादली निसटली असेल. हाक मारावी असं मनात आलं होतं. पण उठायचा कंटाळा केला." बाईंचा आवाज शाळेतला नव्हता. "नंतर तुम्ही सगळ्यांना सांगितलंत की क्षणात गेल्या. मला बरं वाटलं. म्हटलं, मग काही उपयोग झालाच नसता. आणि सुनावणीत तुम्ही म्हणालात, चाळीस मिनिटं. मी त्या चाळीस मिनिटांत घरात बसून होते. पाच आठवडे झाले, मला दुसरं काही सुचत नाही."

कवळीवाल्यांनी सुरी खाली ठेवली. हाताला लागलेलं मेण अंगठ्याने खरवडून काढलं.

"किती वाजता?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"आवाज. किती वाजता आला?"

बाईंना हा प्रश्न अपेक्षित नव्हता. त्यांनी डोळे मिटले. "रेडिओ चालू होता. अकराच्या बातम्या. शेवट शेवट... हवामान सांगत होते. म्हणजे अकरा दहा."

"नक्की?"

"नक्की. हवामान लागेपर्यंत काही पडलं नाही. त्याआधी तर त्या चादरी झटकत होत्या, तो फटफट आवाज येत होता. नळ चालू-बंद होत होता. मध्येच त्या कुणाच्या तरी मांजरीला रागावल्या. सगळं ऐकू येत होतं मला."

आठ महिने कवळीवाल्यांनी ती चाळीस मिनिटं अखंड धरून ठेवली होती, पहिल्या मिनिटापासून शेवटच्यापर्यंत ती फरशीवर पडलेली.

"म्हणजे अकरा दहापर्यंत ती उभी होती," ते म्हणाले.

"हो."

"मांजरीला काय म्हणाली?"

"आता ते कसं..." बाई म्हणायला गेल्या आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघून थांबल्या.

कवळीवाल्यांनी टेबलावरचा मेण मऊ करायचा दिवा विझवला. स्टूल आणखी पुढे सरकवलं, बाईंच्या अगदी पायाशी.

"बसा बाई," ते म्हणाले. "दहा चाळीसपासून सांगा."